ताशाच्या काड्या, मॅग्नेशियमच्या गोळ्या: पथकाच्या कानांच्या नोंदी

२२ जून २०२५, रविवार

वाद्यपूजन झालं. नारळ फुटला, पेढे वाटले आणि लगेच बैठक. खजिनदार दादांनी विषय काढला: गेल्या वर्षी विसर्जनानंतर सात-आठ जणांच्या कानात आठवडाभर कुई वाजत होती, दोघांना अजूनही शांत खोलीत ऐकू येते. त्यांच्या ओळखीचा एक वितरक मॅग्नेशियमच्या गोळ्या घाऊक भावात द्यायला तयार आहे. "कानाच्या नसांना चांगलं असतं म्हणे, परदेशात सैनिकांना देतात." महिन्याचा डबा ४५० रुपयांना. १२० वादक, तीन महिने. तिथेच आकडा काढला: १,६२,०००. एवढ्या पैशात निम्म्या ढोलांची पानं बदलून होतील.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक तर मी कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे कागद वाचणं माझ्याकडे. दुसरं म्हणजे चौदा वर्षं ताशा वाजवून माझ्या स्वतःच्या कानात गेली तीन वर्षं शिट्टी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. २० जुलैपर्यंत सांगायचं: घ्यायच्या का, घ्यायच्या तर कुठल्या.

२९ जून, रविवार

गोळ्यांआधी आवाज मोजायचं ठरवलं. नक्की कशापासून वाचवायचं आहे ते तरी कळू दे. मोबाइलवरच्या ॲपचा भरवसा नाही, एवढ्या मोठ्या आवाजाला फोनचा माइक मान टाकतो. सेफ्टीतल्या एका मित्राकडून कॅलिब्रेट केलेला मीटर दोन दिवसांसाठी मागून आणला.

नदीपात्रात सराव. ४० ढोल, १२ ताशे, एक टोल (ठोक्याने ताल दाखवणारं धातूचं वाद्य). ढोलाच्या रांगेत कानाजवळ १०४ ते १०६ डेसिबल. ताशांच्या मधोमध १०९, हात तापल्यावर ११२.

याचा अर्थ लावायची रीत सोपी आहे. ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास चालतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. १०६ ला पावणेचार मिनिटं. १०९ ला दोन मिनिटंसुद्धा पुरती नाहीत, आणि ११२ ला एका मिनिटाच्या आत दिवसाचा कोटा संपतो. आमची एक चाल त्याहून मोठी असते. सराव दोन तासांचा.

मी रोज सकाळी कंपनीतल्या प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या विभागाच्या, दाराशी पिवळ्या रेघेपाशी थांबते, कानांवर मफ चढवते आणि मगच आत जाते. कोणी विसरला तर त्याला बाहेर काढते. संध्याकाळी तीच मी उघड्या कानांनी बारा ताशांच्या मधे उभी. चौदा वर्षांत हे एकदाही खटकलं नव्हतं.

६ जुलै, आषाढी एकादशी

सराव नाही. आईने साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याची पुरी आणि वरी-दाण्याची आमटी केली होती. अभ्यासाचं भूत डोक्यावर होतं, त्यामुळे ताटातलं मॅग्नेशियम मोजत बसले. साबुदाण्यात जवळपास शून्य, जे काय आहे ते दाण्याच्या कुटात: शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत दीडशे मिलीग्रॅमच्या वर. राजगिऱ्यात त्याहून जास्त. लाल भोपळ्याच्या बियांमध्ये तर पाचशेच्या पुढे. ज्वारी, बाजरी, नाचणी यांच्या शंभर ग्रॅम धान्यात साधारण सव्वाशे ते दीडशे.

मोठ्या माणसाची गरज अमेरिकी मोजमापाने दिवसाला पुरुषांना ४०० ते ४२०, बायकांना ३१० ते ३२०. दोन भाकऱ्या, पालेभाजी, वाटीभर डाळ, मूठभर दाणे असं जेवणारा माणूस त्याच्या बराच जवळ जातो. वडापाव आणि चहावर सराव करणारी पोरं जात नसणार. म्हणजे कमतरता असूच शकत नाही असं नाही, पण तिचं पहिलं औषध डब्यात आहे, बाटलीत नाही. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग रोज भाकरी खा की, मी काय नाही म्हणते का?"

११ जुलै, शुक्रवार

'परदेशात सैनिकांना देतात' या वाक्याचं मूळ सापडलं. १९९४ साली छापून आलेला इस्रायलचा अभ्यास. लष्करात नव्याने भरती झालेले ३०० निरोगी तरुण, दोन महिन्यांचं मूळ प्रशिक्षण, रोज गोळीबाराचा आवाज. निम्म्यांना रोज मॅग्नेशियम ॲस्पार्टेट घातलेलं पेय दिलं, त्यात १६७ मिलीग्रॅम मॅग्नेशियम. उरलेल्यांना तसंच दिसणारं, पण मॅग्नेशियम नसलेलं. शेवटी ज्यांना मॅग्नेशियम मिळालं नव्हतं त्यांच्यात कायमचं नुकसान जास्त जणांना आणि जास्त तीव्र झालेलं दिसलं. चांगला अभ्यास आहे, तुलनेचा गट आहे, मात्राही बेताची.

पण त्यातलं एक वाक्य गोळी विकणारे सांगत नाहीत. त्या सगळ्या सैनिकांच्या कानात बोळे, म्हणजे इअरप्लग, होते. दोन्ही गटांच्या. म्हणजे मॅग्नेशियमने जे काही केलं ते बोळ्यांच्या वर केलं, बोळ्यांच्या ऐवजी नाही. हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि वहीत लाल पेनाने लिहिलं.

त्याच मंडळींचा २००४ चा छोटा प्रयोग: २० जण, दहा दिवस १२२ मिलीग्रॅम, मग दहा मिनिटं मोठा आवाज ऐकवला. आवाजानंतर कान थोडा वेळ बधिर होतो ना, ते बधिर होणं कमी दिसलं. दिशा तीच, पण माणसं वीस.

हे घडतं कसं, तर मला समजलं ते असं. फार मोठ्या आवाजाने कानातल्या केसपेशी आणि त्यांना जोडलेल्या नसांच्या टोकांवर ग्लुटामेटचा, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा, मारा होतो, पेशीत कॅल्शियम बेसुमार घुसतं. मॅग्नेशियम त्या दारात अडसरासारखं बसतं. शिवाय आतल्या कानाच्या बारीक रक्तवाहिन्या आवाजाने आकसतात, त्या मोकळ्या ठेवायला मदत करतं. एका कानात अशा पेशी साधारण पंधरा हजार, आणि माणसात गेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. म्हणून हे सगळं आवाजाच्या आधी हवं. नंतर अडसर घालून काय उपयोग?

१२ जुलै, शनिवार

आता माझ्या शिट्टीचं. आवाजापासून बचाव ही एक गोष्ट, आधीच वाजणारी कुई कमी करणं ही दुसरी. डब्यांवर दोन्ही एकाच ओळीत लिहितात.

कुईसाठी ज्याचा सगळीकडे हवाला देतात तो अभ्यास २०११ चा, अमेरिकेत ॲरिझोनातल्या मेयो क्लिनिकचा. २६ रुग्ण, तीन महिने, रोज ५३२ मिलीग्रॅम. त्रासाचे गुण कमी झाले. मात्र तुलनेला दुसरा गटच नव्हता. सगळ्यांना खरं औषध, सगळ्यांना ते माहीत. कुईचा त्रास तसाही कमी-जास्त होत राहतो आणि 'आपण काहीतरी करतोय' या भावनेनेही उतरतो. शिवाय ५३२ हा आकडा गोळ्यांतून घेण्याच्या अमेरिकी वरच्या मर्यादेच्या, म्हणजे ३५० च्या, बराच वर आहे. युरोपातली मर्यादा तर २५०.

दुसऱ्या बाजूला, अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१४ ची मार्गदर्शक सूचना सरळ सांगते: सतत त्रास देणाऱ्या कुईसाठी गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), मेलाटोनिन, झिंक किंवा इतर पूरक गोळ्या सुचवू नका. आणि २०१६ चं एक सर्वेक्षण, ५३ देशांतल्या १,७८८ कुईग्रस्तांचं: गोळ्या घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त म्हणाले काही फरक नाही, १९ टक्के म्हणाले बरं वाटलं, १० टक्के म्हणाले वाढलं.

खरं सांगायचं तर रात्री हे वाचून वाईट वाटलं. खजिनदार दादांना नाही म्हणायला मला आकडे हवे होते, पण स्वतःसाठी मात्र मनात कुठेतरी होकार धरून बसले होते.

१३ जुलै, रविवार

चार डबे आणून टेबलावर मांडले. हा भाग मला आवडला, कारण हे माझं रोजचं काम आहे: समोर काय लिहिलंय आणि मागे काय लिहिलंय.

पहिलं तत्त्व: समोरचा मोठा आकडा बहुतेक वेळा संयुगाचा असतो, मॅग्नेशियमचा नाही. मागे बारीक अक्षरात 'एलिमेंटल' म्हणून जे लिहितात तेच खरं. रसायनशास्त्राने ठरलेलं प्रमाण आहे, कोणाच्या मर्जीचं नाही. ऑक्साइडमध्ये ६० टक्के मॅग्नेशियम, सायट्रेटमध्ये १६, ग्लायसिनेटमध्ये १४, थ्रिओनेटमध्ये जेमतेम ७ ते ८.

डबा एक, वितरकाचा. समोर 'ग्लायसिनेट १००० मि.ग्रॅ.', मागे 'एलिमेंटल २२० मि.ग्रॅ.' इथे पेन थांबलं. हजार मिलीग्रॅम ग्लायसिनेटमधून १४१ च्या वर मॅग्नेशियम निघूच शकत नाही. २२० आणायचे तर आत ऑक्साइड मिसळलेलं असणार. गणित मांडलं: साधारण १७० मिलीग्रॅम ऑक्साइड आणि ८३० ग्लायसिनेट घातलं की बरोबर २२० होतात. म्हणजे त्यातलं जवळजवळ निम्मं मॅग्नेशियम ऑक्साइडचं. असं मिश्रण करणं काही गुन्हा नाही, 'बफर्ड' म्हणून उघड लिहून विकतातही. इथे तो शब्द कुठेच नव्हता. दुधात पाणी घालावं, पण निदान सांगावं तरी.

डबा दोन, साधं ऑक्साइड, सगळ्यांत स्वस्त. एका गोळीत २४० मिलीग्रॅम दिसायला भरघोस, पण ते विरघळतच नाही धड. एका जुन्या तुलनेत शरीराने त्यातलं सुमारे चार टक्केच घेतलं. बाकीचं आतड्यात पाणी ओढतं. बद्धकोष्ठावर त्याचा वापर होतो तो याचमुळे. लक्ष्मी रोडच्या मिरवणुकीत, जिथे ताईंना स्वच्छतागृह शोधायला अर्धा तास लागतो, तिथे हा डबा वाटायची कल्पनाही नको.

डबा तीन, थ्रिओनेट. सगळ्यांत महाग, तीन कॅप्सूल मिळून दोन ग्रॅम आणि त्यात मॅग्नेशियम दीडशेच्या आत. 'मेंदूपर्यंत पोचतं' ही त्याची कीर्ती उंदरांच्या स्मरणशक्तीवरच्या २०१० च्या कामावर उभी आहे. कानाचा त्यात संबंध नाही.

डबा चार, 'कानांसाठी खास'. गिंको, झिंक, बी-१२ आणि मॅग्नेशियम ५० मिलीग्रॅम. चित्रात कान आणि त्यातून निघणाऱ्या निळ्या लहरी. गिंको रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर चालत नाही, हे सांगायला त्या चित्रात जागा उरली नसावी.

चारही डब्यांवर नियमाप्रमाणे 'औषधी वापरासाठी नाही' असं छापलेलं आहे. ते मात्र शोधावं लागतं.

१६ जुलै, बुधवार

कान-नाक-घसा डॉक्टरांकडे गेले. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढला: दोन्ही कानांचा आलेख सरळ चालत येतो आणि ४००० हर्ट्झला खड्ड्यात पडतो, मग पुन्हा थोडा वर. आवाजाने मार खाल्लेल्या कानाची ही सहीच. माझी शिट्टीही त्याच सुराच्या आसपास आहे. मेंदूला तिथून येणारी हाक कमी झाली की तो स्वतःच आवाज वाढवून ऐकत बसतो, असं डॉक्टर म्हणाले.

मॅग्नेशियमचं विचारलं. त्यांनी आधी उलट मला विचारलं: मूत्रपिंडाचा काही त्रास? ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं? लघवी वाढवणारी गोळी? थायरॉइड? मूत्रपिंड कमजोर असेल तर जादा मॅग्नेशियम बाहेर पडत नाही, साठतं, आणि ते धोक्याचं. ॲसिडिटीच्या काही गोळ्या लांब काळ घेतल्या तर उलट मॅग्नेशियम घटतं. थायरॉइडच्या गोळीत आणि यात चार तासांचं अंतर हवं, काही अँटिबायोटिक्सनाही ते बांधून ठेवतं. रक्तातलं मॅग्नेशियम तपासून घेऊ का, म्हटलं तर म्हणाले घ्या, पण शरीरातल्या एकूण साठ्याचा एक टक्काही रक्तात नसतो, त्यामुळे आकडा चांगला आला म्हणून पोतं भरलेलं आहे असं समजू नका.

मग म्हणाले, "तुम्ही घेतलंत बेताच्या मात्रेत, तर माझी हरकत नाही. पण १२० जणांना न विचारता वाटणार असाल तर आहे. त्यात सोळा-सतरा वर्षांची मुलं किती?" एकवीस आहेत.

निघताना दोन गोष्टी पथकाला सांगायला सांगितल्या. एकाच कानात कुई, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर वाजणारी कुई असेल तर तपासून घ्यायची. आणि एका कानाने अचानक ऐकू यायचं बंद झालं तर 'मळ असेल' म्हणून थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं. स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच होतो. गरम तेल तर अजिबात नाही. (आजीला हे कसं सांगायचं ते बघू.)

२० जुलै, रविवार

बैठक. मी जे मांडलं ते थोडक्यात: पथकाच्या पैशातून गोळ्या नाहीत. पथकाच्या पैशातून इअरप्लग. ज्याला मॅग्नेशियम घ्यायचं त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून आपल्या खर्चाने घ्यावं, आणि डबा कसा वाचायचा ते मी एका कागदावर लिहून देते.

हिशेब: फोमचे प्लग, माणशी पंधरा जोड्या, जोडी दहा रुपये, १८,०००. बारा ताशेवाल्यांना वादकांचे वेगळे प्लग, सहाशे रुपये जोडी, ७,२००. एकूण २५,२००.

खजिनदार दादा जरा नाराज झाले, शब्द देऊन बसले होते. पण २२० चं गणित फळ्यावर मांडल्यावर ते स्वतःच हसले. आक्षेप आला तो भलतीकडून. सगळ्यांत जुने ताशेवाले काका म्हणाले, "कान बंद करून ताशा? टोल कुठे पडतोय ते ऐकू आलं नाही तर चाल उठवायची कशी? आम्ही कापूस घालतो की." कापूस फार तर पाच-सात डेसिबल अडवतो. पण त्यांचा पहिला मुद्दा खरा आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे बैठकीत नव्हतं.

२७ जुलै, रविवार

काका बरोबर होते. फोम घालून वाजवलं तर ताशाची कडकड सगळी जाते आणि ढोल डोक्याच्या आत वाजतो, जणू पिंपात बसलोय. फोम वरचे सूर जास्त कापतो, खालचे कमी. दोन मुलांनी दहा मिनिटांत काढून खिशात टाकले. एकाने अर्धवट खोचला होता, म्हणजे घातल्यासारखा दिसतो पण अडवत काही नाही.

घालायची रीत शिकवली: बोटांत वळून पेन्सिलीएवढा बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यामागून कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. आणि हे सगळं हात गुलालात माखायच्या आधी.

३ ऑगस्ट, रविवार

वादकांचे प्लग आले. हे सगळे सूर साधारण सारखेच कमी करतात, म्हणून ताशा ताशासारखाच ऐकू येतो, फक्त लांबून. किती डेसिबल अडवतात तो पाकिटावरचा आकडा फोमपेक्षा लहान आहे, पण कानात राहणारा लहान आकडा खिशातल्या मोठ्या आकड्यापेक्षा बरा. १०९ मधून १५ गेले तर ९४. दोन मिनिटांचा कोटा तासावर गेला. दोन तासांच्या सरावाला तोही पुरत नाही, म्हणून दर अर्ध्या तासाने ताशांची पाळी बदलायची आणि विश्रांतीतल्यांनी रांगेपासून लांब जाऊन बसायचं, असं ठरलं.

काकांनी घातले. एक चाल वाजवली, दुसरी वाजवली. काही बोलले नाहीत. पण काढलेही नाहीत.

१० ऑगस्ट, रविवार

स्वतःपुरती नोंद. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) ठीक, रक्तातलं मॅग्नेशियम २.०, म्हणजे तेही ठीक. न मिसळलेलं ग्लायसिनेट शोधून आणलं, रात्री जेवणानंतर १२० मिलीग्रॅम. रोज झोपताना शिट्टीला दहापैकी गुण देणार. आईला सक्त सांगितलंय की माझ्या डब्याला हात लावायचा नाही, तिची थायरॉइडची गोळी आहे.

हा प्रयोग कच्चा आहे हे मला कळतं. गोळी आणि प्लग एकदमच सुरू झाले, तुलनेला कोणी नाही. मेयोच्या अभ्यासाला मी नावं ठेवली, माझा त्याहून वाईट आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

शेवटचा मोठा सराव. शिट्टी: सहा, सहा, पाच, सहा, सात (त्या दिवशी झोप झाली नव्हती), सहा. पोटऱ्यांत गोळे यायचे ते कमी वाटतात, पण चपलाही बदलल्या आहेत.

७ सप्टेंबर, रविवार, पहाट

काल दुपारी रांगेत लागलो, आत्ता घरी आले. ताशाच्या पट्ट्याने खांदा सोलला आहे. मधे एका चौकात भिंतीसारखे स्पीकर लागले होते, तिथे ताशा थांबवून नुसतं पुढे सरकलो. प्लग असूनही छातीत थरथर येत होती. त्या स्पीकरांपुढे लहान लेकरं खांद्यावर घेऊन बाप उभे होते. दोन जोड्या होत्या खिशात, दोघांना दिल्या. एकाने घेतली, दुसऱ्याला वाटलं मी काही विकतेय.

दर वर्षी या वेळी कान कापूस भरल्यासारखे असतात आणि आईचं बोलणं पाण्याखालून येतं. आज तिने स्वयंपाकघरातून "चहा टाकू का?" विचारलं ते पहिल्या हाकेत कळलं. शिट्टी आहेच. सहा.

९ सप्टेंबर, मंगळवार

उरलेलं सामान मोजलं: फोमच्या ३४० जोड्या, वादकांच्या प्लगचा एक हरवला (एकच, जोडी नाही). ज्या सात-आठ जणांना गेल्या वर्षी त्रास झाला होता त्यांना फोन केले. पाच जण म्हणाले या वेळी काही नाही. दोघांना काल संध्याकाळपर्यंत होती, आज नाही. एकाने घातलेच नव्हते, त्याला आहे. डॉक्टरांचा नंबर दिला.

माझी गोळी डबा संपेपर्यंत चालू ठेवते, मग महिनाभर बंद करून गुण लिहीत राहीन. ऑडिओग्राम डिसेंबरात. काकांनी निरोप पाठवलाय की हरवलेला तो एक प्लग त्यांच्या झब्ब्याच्या खिशात धुण्यात सापडला, आणि पुढच्या वर्षासाठी त्याला दोरी लावून मिळेल का.